वर्षभर बंदरात बांधून ठेवलेला टग: गरज की उधळपट्टी?

निशाचर (धागाकर्ता)
झोप येत नसली की मी फोनवर जहाजांचा नकाशा उघडून बसतो. रंगीत बाण हळूहळू सरकत असतात, बघता बघता दोन वाजतात. गेले काही महिने एका ठिपक्यावर लक्ष आहे. स्कॉटलंडच्याही वर ऑर्कनी बेटं आहेत, तिथे कर्कवॉल बंदरात एक दांडगा टग (मोठी जहाजं ओढणारी बोट) असतो. आज बघा, आठ दिवसांनी बघा, हा आपला धक्क्यालाच.

शोधाशोध केली तर कळलं की तो ब्रिटिश सरकारने भाड्याने ठेवलाय. उत्तरेकडच्या समुद्रात कुणाचं जहाज बंद पडलं तर धावून जायला. पूर्वी देशभरात असे चार होते. २०११ मध्ये खर्च झेपत नाही म्हणून ते मोडीत काढले आणि बऱ्याच आरडाओरड्यानंतर उत्तरेत हा एक ठेवला.

माझा प्रश्न सरळ आहे. वर्षातून कधीतरी लागणाऱ्या गोष्टीसाठी इतका मोठा टग, त्याचे खलाशी, डिझेल, सगळं पोसायचं? जहाजांचा विमा असतो, कंपन्यांकडे पैसा असतो, मग सरकार मध्ये कशाला? जाणकारांनी सांगावं.

बंडूनाना
नाक्यावर दिवसभर उभा असतो तो टग्या, बंदरात वर्षभर उभा असतो तो टग. सरकारी पगारावर टगेगिरी! हलके घ्या.

कोकणकन्या
खिक्! नाना, पहिल्याच प्रतिसादात धागा वसूल.

हिशेबनीस
निशाचर यांच्याशी सहमत. पेशाने सीए आहे, त्यामुळे रिकामी उभी मालमत्ता दिसली की पोटात दुखतं. आता कुणीतरी अग्निशमन दलाचं उदाहरण देईल, म्हणून आधीच सांगतो: शहरातला बंब रोज कुठेतरी जातो. हा टग महिनोन्‌महिने जात नाही. ज्याचं जहाज बंद पडेल त्याने बाजारातून टग बोलवावा आणि बिल भरावं.

पुस्तकी किडा
हिशेबनीस, बाजारातून बोलवायला आधी तिथे बाजार हवा ना.

हे चार टग आले कुठून ते सांगतो. ५ जानेवारी १९९३, शेटलंडचं दक्षिण टोक. 'ब्रेअर' नावाचा तेलवाहू टँकर नॉर्वेतल्या मोंगस्टाडहून कॅनडातल्या क्युबेकला निघाला होता, पोटात जवळपास ८५ हजार टन कच्चं तेल. वादळात डेकवर ठेवलेले जादा पाइप सुटले आणि गडगडत जाऊन त्यांनी डिझेलच्या टाक्यांचे हवेचे नळ मोडले. त्यातून समुद्राचं पाणी डिझेलमध्ये शिरलं, इंजिन बंद, पाठोपाठ वीज बंद. ३४ माणसं हेलिकॉप्टरने उचलली. मदतीला एक बोट पोचलीही, पण तोवर जहाजावर दोर घ्यायला कुणी उरलं नव्हतं. काही माणसं परत उतरवून प्रयत्न केला, जमलं नाही. टँकर गार्थ्स नेसच्या खडकांवर गेला आणि सगळं तेल समुद्रात.

मग लॉर्ड डोनाल्डसन यांची चौकशी समिती बसली, तिने सुचवलं म्हणून १९९४ पासून हे टग. एका लोखंडी पाइपाने सरकारला टग घ्यायला लावला म्हणा ना.

हिशेबनीस
म्हणजे पाइप नीट बांधले असते तर टग लागलाच नसता. माझाच मुद्दा पक्का झाला.

बंडूनाना
सीए लोकांशी वाद घालू नये हे मी लग्नानंतर शिकलो.

ट्रॉम्सोकर
नॉर्वेत, ट्रॉम्सोला राहतो. सध्या इथे दिवसच उगवत नाही, त्यामुळे निशाचर कोण म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

हिशेबनीस, 'किती वेळा लागतो' या हिशेबाने इथे कुणी विचार करत नाही. तासांचा हिशेब असतो. बंद पडलेलं जहाज वाऱ्या-लाटांबरोबर साधारण दोन-तीन नॉटने, म्हणजे तासाला दोन-तीन सागरी मैल, वाहत जातं. किनारा ३० सागरी मैलांवर असेल तर हाताशी दहा ते पंधरा तास. चांगल्या हवेत मोठा टग बारा नॉटने येतो, म्हणजे १२० मैलांवरचाही वेळेत पोचतो. पण जहाजं चांगल्या हवेत बंद पडत नाहीत. समोरून लाट असली की तोच टग सात नॉटवर येतो, आणि दहा तासांत त्याचं अंतर होतं ७० मैल. त्यापलीकडच्या बंदरात टग असला काय, नसला काय.

म्हणून इथे दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत. जुलै २००७ पासून टँकर आणि मोठ्या मालवाहू जहाजांचा मार्ग वार्डो ते रोस्ट या पट्ट्यात किनाऱ्यापासून तीसेक मैल लांब नेलाय. वार्डोच्या वाहतूक केंद्रात बसलेले लोक पडद्यावर बघत असतात, आणि एखादं जोखमीचं जहाज जात असलं की टगला आधीच त्या बाजूला सरकवतात. आता हे टगचं काम तटरक्षक दलाकडे आहे. मुरमान्स्कहून येणारे रशियन तेलाचे टँकर वाढले तेव्हापासून हा सगळा खटाटोप.

गोंयकार
जहाज बंदरात दोन दिवस थांबलं तर चालतं, किनाऱ्यावर बारा वर्षं थांबलं तर? आमच्या कांदोळीला 'रिव्हर प्रिन्सेस' जून २००० मध्ये येऊन बसली. माझी शाळा झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, बाई तिथेच. २०१२ च्या सुमारास कुठे निघाली. पर्यटक तिच्यासमोर फोटो काढायचे आणि किनारा मात्र खचत गेला. टगचं भाडं महाग की हे, ते सीएसाहेबांनी सांगावं.

कोकणकन्या
आणि मुंबईकर २०११ विसरले वाटतं? जूनमध्ये 'विस्डम' जुहूला. अलंगला भंगारात ओढून नेत होते, वाटेत दोर तुटला. जुलैअखेरीस 'पवित', ती तर ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेली, महिनाभर वाहत येऊन सकाळी थेट जुहू-वर्सोव्याच्या वाळूत. भुट्टेवाल्यांचा धंदा बघायला हवा होता. ऑगस्टमध्ये 'रॅक कॅरियर' कोळशासकट बुडाली. त्या पावसाळ्यानंतरच आपल्याकडेही असे टग ठेवायची भाषा सुरू झाली. तौक्ते वादळात कुलाब्याजवळ 'गॅल कन्स्ट्रक्टर' अडकली, तेव्हा मदतीला गेलेल्यांत 'वॉटर लिली' नावाचा असाच टग होता.

चीफ (निवृत्त)
चौतीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली. धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळे टग किती लांब आहे ते मोजताय. माझ्या अनुभवात तास वाया जातात ते समुद्रावर नाही, फोनवर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, जहाज आणि कंपनी जाऊ द्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून धान्य भरून चीनला चाललो होतो. पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट वर अलास्काकडे वळून अल्युशियन बेटांमधून जाते. युनिमॅक पास नावाची खिंड आहे, वर्षाला हजारो जहाजं तिथून जातात. डिसेंबर, बेरिंग समुद्र. दोन दिवस जहाज असं हेलकावत होतं की इंधनाच्या टाकीच्या तळाचा सगळा गाळ ढवळून वर आला. फिल्टर तुंबायला लागले. एक साफ करून बसवतोय तोवर दुसरा चोंदलेला. पहाटे चारला इंजिनाने मान टाकली.

चालणारं जहाज लाटेला तोंड देतं. थांबलं की आडवं होतं, लाट कुशीवर घेतं. तीस-तीस अंश. प्लेटांवर डिझेल सांडलेलं, नट आवळायचे पाने या भिंतीवरून त्या भिंतीवर. फिटरने स्वतःला रेलिंगला दोराने बांधून घेतलं होतं, मांडीवर बादली, आणि बादलीत डिझेल घेऊन फिल्टरची जाळी ब्रशने घासत होता. घास, फुंक मार, टॉर्चसमोर धर, परत घास. त्या वासाने पुढे आठवडाभर जेवण गेलं नाही. चीफ कुकने भाताचं पातेलं शेगडीला तारेने आवळलं होतं, तेवढा एक गरम भात मिळाला.

खाली हे चाललेलं आणि वर कॅप्टनसाहेब ऑफिसशी बोलतायत. तिकडे रविवार. ऑफिस म्हणतं, 'अजून एक तास बघा.' तासाने परत तेच. टग बोलवला म्हणजे पैसे आणि विमेवाल्यांचे प्रश्न. मोठी मदत घेतली तर जहाज वाचवण्याचा करार सही करायचा: लंडनच्या लॉइड्सचा, शंभरेक वर्षं जुना, 'नो क्युअर, नो पे'. वाचवलं तरच पैसे, पण मग जहाज आणि मालाच्या किमतीवरून ठरणारे. ती सही करणाऱ्या कॅप्टनला पुढचं जहाज मिळेल का, हा विचार त्याच्या डोक्यात असतोच. आम्ही चौदा तास वाहिलो. बेट रडारवर सतरा मैलांवर दिसत होतं तेव्हा इंजिन धरलं. टगला फोन शेवटपर्यंत गेलाच नाही.

हिशेबनीस, सरकारने आधीच भाडं भरलेला टग असला की कॅप्टन लवकर फोन करतो. मला विचाराल तर त्या भाड्यातून विकत घेतलेली गोष्ट ही आहे.

निशाचर
काका, काटा आला अंगावर. फोनवरचा ठिपका बघताना हे काही कळत नाही हो.

हिशेबनीस
हा मुद्दा नवीन आहे. विचार करतो. (म्हणजे हरलो असं नाही.)

पुस्तकी किडा
चीफकाकांनी सांगितलं तसंच, पण शेवट वाईट झालेलं प्रकरण म्हणजे 'सेलेंदांग आयु'. डिसेंबर २००४, अल्युशियनमधलं उनालास्का बेट. मलेशियाचं जहाज, सिएटलहून चीनला, ६० हजार टनांहून जास्त सोयाबीन. २६ खलाशी, त्यांत आपले भारतीय आणि फिलिपिनो. एका सिलिंडरचा लायनर तडकला म्हणून ६ डिसेंबरला इंजिन थांबवलं आणि ते परत सुरू झालंच नाही. 'सिडनी फॉस' टगने वादळात दोर लावला, तो तुटला. ८ तारखेला जहाज खडकावर. बरेच जण आधी काढले होते. शेवटच्या फेरीत तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने सात जणांना उचललं आणि जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फुटलेली लाट थेट हेलिकॉप्टरवर आली. ते कोसळलं. त्या सातांपैकी एक वाचला. जहाजाचे दोन तुकडे, सव्वातीन लाख गॅलनच्या वर तेल गेलं.

लातूरचा सोयाबीनवाला
जीव गेले ते वाईट झालं. पण ६० हजार टन म्हणजे सहा लाख क्विंटल! आमच्याकडे दहा क्विंटल भिजलं तर घरात चूल पेटत नाही. ते सोयाबीन कुठं गेलं मग?

पुस्तकी किडा
समुद्रात आणि किनाऱ्यावर. तेलाने माखलेल्या सोयाबीनचे थर साचले होते.

बंडूनाना
अवांतर: 'टग'ला मराठी शब्द काय? 'ओढबोट' कसं वाटतं?

कोकणकन्या
सरकारी मराठीत 'कर्षनौका' असणार, पैज लावते. ऐकून जहाज स्वतःहून चालू होईल.

मालवणी बाणा
आमच्याकडे मासेमारीची बोट बंद पडली की दुसरी बोट दोर टाकते आणि घेऊन येते, त्याला कर्षनौका म्हटलं तर तांडेल आधी हसेल आणि मग दोर सोडून देईल.

खारा वारा
सेकंड ऑफिसर आहे, बंदरात आहोत म्हणून नेट आहे, पटकन लिहितो.

लोकांना वाटतं टग आला म्हणजे सुटलो. खरी गंमत दोर लावण्यात आहे. टगचा मुख्य दोर म्हणजे मांडीएवढा जाड किंवा पोलादी तार, टनावारी वजन. तो बंद जहाजावर चढवायचा कसा? वीज गेली की आमच्या विंच, म्हणजे दोर ओढायची यंत्रं, मेल्या. मग आधी येते ती पातळ हीव्हिंग लाइन, टोकाला गाठ मारलेला जड गोळा. टगवाला ती भिरकावतो किंवा बंदुकीने डागतो. वाऱ्यात दहातल्या आठ वेळा पाण्यात. एकदा हाती आली की तिच्या मागे करंगळीएवढा दोर, त्याच्यामागे मनगटाएवढा, आणि मग तो बाप. वीज नसेल तर हे सगळं हाताने, आठ-दहा जण रांगेत. फोक्सलवर, म्हणजे पुढच्या डेकवर, बर्फाचा थर असतो. उभं राहताना पाय आधी सरकतो, दोर नंतर. लोकरीचे हातमोजे भिजले की गोठून लाकूड होतात आणि पकड जाते, म्हणून आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) ते काढून टाकायला सांगतो. मग दोरातले तुटके धागे तळव्यात शिरतात. हे सरावात केलंय. खऱ्या वादळात करायची वेळ देवाने आणू नये.

म्हणूनच त्या सोयाबीनच्या जहाजानंतर उनालास्कातल्या लोकांनी शहाणपणा केला. तिथल्या महापौरांनी २००७ मध्ये सगळ्यांना एकत्र बसवलं आणि ओढण्याचा एक संचच तयार ठेवला. दोर, तरंगता बोया, घासून तुटू नये म्हणून साखळी, सगळं गाठोडं बांधून. हेलिकॉप्टरने ते बंद जहाजाच्या डेकवर सोडायचं, खलाशांनी फक्त खुंटाला अडकवायचं आणि दुसरं टोक पाण्यात टाकायचं. टग येऊन बोया उचलतो.

चीफ (निवृत्त)
शाबास सेकंडसाहेब. हे आमच्या वेळी नव्हतं.

हिशेबनीस
पुन्हा आलो. २०१० मध्ये याच भागात 'गोल्डन सीज' नावाचं जहाज बंद पडलं होतं, त्याबद्दल वाचलं. वादळात अल्युशियनजवळ इंजिन गेलं, 'टोर व्हायकिंग २' टगने डच हार्बरला ओढून आणलं. म्हणजे सरकारी टग नसतानाही काम झालंच की! तो खासगी होता.

पुस्तकी किडा
अहो, तो तिथे होता कशाला ते वाचलंत का? शेल कंपनीने आर्क्टिकमधल्या तेलाच्या खोदकामासाठी भाड्याने आणलेला. योगायोगाने डच हार्बरला उभा होता. योगायोगाचं लेखापरीक्षण कसं करतात ते मला शिकायचंय.

आणि पैसेवाल्या कंपनीचा टग म्हणजे हमी असंही नाही. त्याच शेलचं 'कुलुक' हे तरंगतं खोदयंत्र डिसेंबर २०१२ मध्ये 'ऐविक' नावाचा नवाकोरा महाबलाढ्य टग ओढत होता. आधी जोड तुटली, मग टगची चारही इंजिनं बंद! ३१ डिसेंबरला कुलुक कोडियाकजवळच्या बेटावर जाऊन बसलं. भर हिवाळ्यात ते हलवायला का निघाले? १ जानेवारीला अलास्काच्या हद्दीत असतं तर कर भरावा लागला असता. तटरक्षक दलाच्या अहवालात ही बाबही नोंदवलेली आहे.

बंडूनाना
बघा! शेवटी सीएनेच बुडवलं.

हिशेबनीस
निषेध. (पण हसलो.)

ट्रॉम्सोकर
टग म्हणजे सगळं नव्हे, याला दुजोरा. मार्च २०१९ मध्ये आमच्या किनाऱ्यावर हुस्टाडविका भागात 'व्हायकिंग स्काय' हे पर्यटकांचं जहाज बंद पडलं, वर १,३७३ माणसं. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल: इंजिनात वंगणाचं तेल कमी होतं. जहाज डोलायला लागल्यावर पंपाने तेलाऐवजी हवा ओढली आणि इंजिनं आपोआप बंद झाली. किनारा इतका जवळ की आमचं ते तासांचं गणित मिनिटांवर आलं. तशा लाटांत टगना दोर लावता येईना. नांगर टाकले, इंजिन कसंबसं सुरू झालं, खडक एका जहाजाच्या लांबीइतका लांब राहिला होता. हेलिकॉप्टरांनी एकेक करत ४७९ लोक उचलले. दुसऱ्या दिवशी हवा निवल्यावर टग सोबत घेऊन जहाज मोल्डेला आलं.

चीफ (निवृत्त)
वंगणाची टाकी वरपर्यंत भरा. सगळ्यात स्वस्त टग तोच आहे. हे वाक्य मी ज्युनिअरांना इतक्या वेळा ऐकवलंय की ते माझी नक्कल करायचे.

कोकणकन्या
माझ्या मावशीने ग्रीनलंडच्या सहलीचे पैसे भरलेत. तिला हा धागा दाखवू की नको?

पुस्तकी किडा
नको. सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्व ग्रीनलंडच्या आल्पेफ्योर्डमध्ये 'ओशन एक्स्प्लोरर' चिखलात रुतलं, २०६ लोक. डेन्मार्कच्या नौदलाचं जवळचं जहाज १,२०० सागरी मैलांवर! शेवटी मासळीवर संशोधन करणाऱ्या 'ताराजोक' नावाच्या बोटीने भरतीच्या वेळी ओढून काढलं. सगळे सुखरूप.

कोकणकन्या
मावशी म्हणते, 'तीन दिवस जास्तीचे फुकट मिळाले ना त्यांना?' आता काय बोलणार.

हिशेबनीस
मूळ मुद्द्यावर येतो. माझं मत थोडं सरकलंय. टग ठेवा, पण त्या वाटेने जाणाऱ्या जहाजांकडून पट्टी घ्या. ब्रिटनच्या करदात्याने का द्यावं?

ट्रॉम्सोकर
तत्त्व बरोबर आहे. अडचण अशी की त्यातली कितीतरी जहाजं त्या देशाच्या बंदरात येतच नाहीत, नुसती बाजूने जातात. अल्युशियनमधून जाणारं सिएटल-चीन जहाज तिथे थांबत नाही. पट्टी मागायला जाणार कुठे, दोर टाकून? तिथे म्हणूनच नियमाची वाट धरली. २०१६ पासून बेटांभोवती पन्नास मैलांचे पट्टे आखलेत, खिंडीतून जायचं नसेल तर त्यांच्या बाहेरून जा. पैसे घेता येत नाहीत तर निदान तास घ्या.

मालवणी बाणा
कॅनडाने काय केलं? तिकडे पण एक रशियन जहाज वाहत होतं ना?

खारा वारा
'सिमुशिर', ऑक्टोबर २०१४, हैदा ग्वाई बेटांजवळ. तटरक्षक दलाच्या 'गॉर्डन रीड'ने दोर लावला, तो पुन्हा पुन्हा तुटला, पण तेवढ्याने जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं. 'गॉर्डन रीड' बनलंच नव्हतं असल्या ओढकामासाठी. मग अमेरिकेचा 'बार्बरा फॉस' आला आणि प्रिन्स रूपर्टला घेऊन गेला. २०१८ मध्ये कॅनडाने त्या किनाऱ्यासाठी दोन मोठे टग भाड्याने घेतले. आता निघतो, जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट आलाय.

कोकणकन्या
सांभाळून जा रे. पोचलास की लिही.

निशाचर
सगळ्यांचे आभार. एक गंमत सांगायची राहिली. परवा रात्री सव्वादोनला तो ठिपका हलला! धक्का सोडून बाहेर गेला, दीड तास एकाच ठिकाणी गोल गोल फिरला आणि परत येऊन बांधला. मी श्वास रोखून बसलेलो. आसपास कुठलंच जहाज अडचणीत दिसत नव्हतं. काय केलं असेल?

चीफ (निवृत्त)
सराव असेल. किंवा धक्क्याला आपटून घेण्यापेक्षा बाहेर बरं वाटलं असेल. वारा किती होता?

निशाचर
ते नाही बघितलं.

चीफ (निवृत्त)
मग तुम्ही अर्धाच नकाशा बघताय. त्यात वाऱ्याचा थर असतो, तो चालू करा.

निशाचर
केला. आत्ता तिथे नैऋत्येचा ४५ नॉट दाखवतोय आणि पश्चिमेला एक लहान मालवाहू जहाज चार नॉटने चाललंय. आज झोप गेली म्हणायची.